दोन टाक्यांचा नकाशा

भुसावळ,
दि. २१ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेमराज यास,

इकडे मी आणि वृषाली बऱ्या आहोत. किरणचा गुडघा कसा आहे? जिने चढू देऊ नकोस तिला.

सोनगीरच्या नव्या घराचा नकाशा आणि संमतीपत्र मिळालं. आबांच्या मागे त्या प्लॉटवर तुझ्याइतकंच माझं नाव आहे, म्हणून तर गेल्या आठवड्यात तुझे तीन फोन आले. "अक्का, घर बठ्ठासनं शे. तू फक्त सही कर." म्हणे घर सगळ्यांचं! एरवी वर्षाला एक फोन येत नाही तुझा. म्हटलं, सहीआधी कागद नीट बघावा.

मला नकाशातलं काय कळतं? वृषालीला कळतं. सिव्हिलचा डिप्लोमा करून ती इथल्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे काम करते. जेवणं झाल्यावर तिने तो कागद पसरला.

"आई, मामाचा जिना घरातून, आपल्या खोल्यांचा मागच्या बोळातून. मधली भिंत नऊ इंची, आणि तिला कुठेच दार नाही."

"पुढेमागे भाडेकरू ठेवायचा असेल," मी म्हटलं.

"असेल." मग तिचं बोट गच्चीवर येऊन थांबलं. "बोअर एक, मोटार एक. मग पाण्याच्या टाक्या दोन कशाला? आपली टाकी पार त्या टोकाला आहे."

मी ताटं उचलून मोरीत गेले.

तुला मात्र फोन करून विचारलं. तू आधी नळाचा दाब सांगितलास, मग इंजिनीअरचं नाव पुढे केलंस. शेवटी म्हणालास, "माले गावमा ऱ्हावानं शे, अक्का. किरणच्या माहेरची माणसं येतात, पूजाअर्चा असते. तू समजी ले."

समजले. माझी सही चालते. बौद्धाच्या घरात नांदलेल्या बहिणीचं आणि तिच्या लेकीचं पाणी चालत नाही. तेही आज, प्रेमराज! तू शाळेत शिकवतोस. पोरांसमोर उभा राहून काय शिकवतोस रे?

तुझ्या दाजींना जाऊन दीड वर्ष झालं. तू आला नाहीस. मोबाइलवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलंस. त्याबद्दल मी कधी बोलले नाही, कारण बोलायला माझंच तोंड नव्हतं.

आता लिहितेच. आबांच्या तेराव्याला आम्ही दोघं भुसावळहून एकत्र निघालो होतो. लोको शेडमधून रजा काढून, नवा पांढरा शर्ट घालून आले होते ते. सोनगीर फाट्यावर एसटीतून उतरलो आणि मीच म्हणाले, "तुम्ही इथे हॉटेलात बसा. घरी उगाच वाद नको." मला कोणी सांगितलं नव्हतं. तूही नाही. नऊ वाजल्यापासून पाचपर्यंत तो माणूस हायवेवरच्या बाकड्यावर ट्रकांची धूळ खात बसला. मी परत आले तेव्हा एवढंच विचारलं, "जेवलीस ना?" मी जेवले होते. पंगतीत, तुझ्या शेजारी. त्यांनी काही खाल्लं का, हे मी विचारलंच नाही. पुढे दर खेपेला ते आपणहून फाट्यावरच थांबायचे. बारा वर्षं.

तुझा राग येतोच. पण नकाशातली ती दुसरी टाकी बघून आधी आठवलं ते फाट्यावरचं बाकडं.

रविवारी हे सगळं वृषालीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना तरी सांगायचं होतंस, चुकलं म्हणून."

तेव्हा ऐक. संमतीपत्र कोरंच परत पाठवते आहे. ग्रामपंचायतीत माझी लेखी हरकत सोमवारी दाखल झाली. सोबत वाटणीचा अर्जही दिला आहे. माझा अर्धा भाग वेगळा मोजून घेणार आहे, आणि तोही रस्त्याच्या बाजूपासून मागच्या बोळापर्यंत सरळ उभा. मागचा तुकडा घेणार नाही. तिथे काय बांधायचं ते वृषाली ठरवेल, नकाशाही तीच काढेल. तुझं भूमिपूजन तोवर थांबेल. थांबू दे.

समजवायला कोणाला पाठवू नकोस. यायचं असेल तर तू ये, आणि वृषालीसमोर बसून दुसरी टाकी कशासाठी ते तुझ्या तोंडाने सांग.

धाकट्या भावाला पत्र लिहिताना शेवटी अनेक आशीर्वाद लिहायची सवय आहे. आज लिहीत नाही.

श्रीमती सुलक्षणा मोतीलाल सुरवाडे