लाल बिल्ला

४ मार्च

प्रिय दादा,

तू बरा असशील असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून ही कागद-पेनाची उठाठेव. आईचं जेवण अर्ध्यावर आलंय, आवाज मात्र खणखणीत. अंथरुणातून उठवत नाही, पण माझं दूध उतू गेलं की तिला तिथे पडल्या पडल्या कळतं.

सध्या गॅरेज आवरायला काढलंय. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तरी आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. रंगाचे सतरा डबे निघाले, त्यातले पंधरा दगड झालेले. फळीच्या खालच्या बाजूला बरण्यांची झाकणं स्क्रूने बसवली. आता बरणी फिरवली की हातात येते, आतले खिळे-चुका समोर दिसतात. फावडी-झाडूंसाठी भिंतीला पाइपचे तुकडे लावले. तू पाहिलंस तर म्हणशील, मुंगीला पंख फुटले!

बाबांचा हत्यारांचा फळा तसाच ठेवलाय. प्रत्येक हत्याराची रंगाने काढलेली आकृती, आणि नियमही तोच. हत्यार नेलं की त्याच्या खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा. बाटलीच्या बुचांचे बिल्ले, बाबांचा लाल, तुझा निळा, माझा पिवळा. एकदा मी बिल्ला न लावता पक्कड नेली, तर बाबांनी तीन दिवस अबोला धरला होता.

गेल्या सोमवारी मोजायच्या टेपच्या खिळ्यावर लाल बिल्ला होता. टेप नव्हती. मंगळवारी करवत गेली, बुधवारी रंधा. दोन्ही दुसऱ्या दिवशी जागेवर, पुसून, तेल लावून. गॅरेजची किल्ली एकच आणि ती माझ्या कमरेला. माझंच डोकं फिरलं असेल, सोड.

लिहायचंय ते वेगळंच आहे आणि मी मघापासून डबे मोजत बसलेय. सहा वर्षांपूर्वी तुला पत्र आलं होतं ना, 'आई म्हणते, येऊ नकोस'? आई तसं कधीच म्हणाली नव्हती. ते मी मनाचं लिहिलं. तू भांडून निघून गेलास, दोघांचं सगळं माझ्या गळ्यात पडलं, आणि तरी उठता-बसता कौतुक तुझंच. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, "एकदा येऊ दे त्याला, मग परत जाऊ देत नाही." मी ऐकून गप्प बसायचे. मला फार लाज वाटते, दादा.

आई रोज तुझं नाव घेते. तिच्याकडे फार दिवस नाहीत. ये.

तुझी
मुंगी


९ मार्च

दादा,

पहिलं पत्र मिळालं असेल तर तू बॅग भरायला घेतली असशील. थांब.

काल दुपारी गॅरेजच्या कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. कपाटासाठी आणलेल्या माझ्या फळ्या तिच्याखाली होत्या, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या. एक रुंद तळाला, तशीच एक वर झाकायला, दोन अरुंद बाजूंना. आडवा झालेला माणूस बरोबर मावेल एवढी रुंदी. लांबीला मात्र अजून कापलेल्या नाहीत.

मला वाटलं, ही पेटी आईसाठी. धावत तिच्या खोलीत गेले. ती दाराकडे बघत पडली होती.

"तुझे बाबा आत्ताच येऊन गेले," ती म्हणाली. "विचारत होते, त्याची उंची नेमकी किती गं?"

"कुणाची?"

"कुणाची काय? दादाची. मला मेलीला कुठे आठवतंय आता! म्हटलं, येतोच आहे तो, आला की घ्या मोजून."

तुला बोलावलंय हे मी आईला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

फळ्यावर आज सगळी हत्यारं जागच्या जागी आहेत. फक्त टेप अजून आलेली नाही.

तू म्हणशील, हिने पुन्हा तेच सुरू केलं. म्हण. आई तुला न बघताच जाईल आणि तो दोष जन्मभर माझ्या माथी राहील, हेही मला कळतं. पण या वेळी मी तिच्या नावाआड लपत नाही. मीच सांगतेय, येऊ नकोस.

हे पत्र तू वाचत असशील तर तू अजून निघालेला नाहीस. तिथेच राहा. आणि निघालाच असशील, तर दारात कितीही हाका मारल्यास तरी मी उघडणार नाही. आईने आतून कितीही टाहो फोडला, तरी.

फाटकाला आतून कुलूप घालून बसलेली,
तुझी
मुंगी