फिनलंडवाली सासू

शंकर नगर, रायपूर
१२ जून २००४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

एका प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, म्हणून तुला विचारते. कुणी आपली चूक काढली आणि त्याचं म्हणणं खोटं असलं तर आपण हसून सोडून देतो. मग म्हणणं खरं असलं की राग जास्त का येतो?

फोनवर बोलले असते, पण तुझ्याकडे फोन आला की अख्खी गल्ली ऐकायला बसते. झालं असं, की आपल्या विहाराच्या वाचनालयाला कुणीतरी जुना कॉम्प्युटर दिला. पुस्तकांची देवघेव ठेवायला मी त्यावर एक फुकटचा प्रोग्रॅम घातला. देशोदेशीच्या लोकांनी मिळून तो लिहिला आहे. आतलं सगळं उघडं असतं, कुणीही वाचावं आणि सुधारून पाठवावं. त्यात एका कार्डावर एकच वाचक धरला होता. आपल्याकडे कार्ड बाबांच्या नावाचं असतं आणि त्यावर आई, मी आणि शेजारच्या दोघी वाचतो. म्हणून मी एका कार्डावर अनेक वाचक बसवले. अशा सुधारणेला पॅच म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळच.

पण पाठवलं की लागलं, असं नसतं. प्रत्येक ठिगळ दुसऱ्या कुणीतरी ओळ न् ओळ वाचायचं आणि पटलं तर त्याखाली आपलं नाव घालायचं, मगच ते आत जातं. माझं वाचणारी फिनलंडमधली एक बाई आहे. तिनं लिहिलं, तीन कामं एका गाठोड्यात बांधली आहेस, आधी सोड. खरंच होतं. कार्डाबरोबर मी पडद्याचा रंगही निळा करून टाकला होता आणि आत कुणीतरी लिहून ठेवलेली जुनी टीप उगाच वाटली म्हणून पुसली होती. का पुसलीस, असं तिनं विचारलं.

बाबा सिलतऱ्याच्या कारखान्यातून पाळी करून आले आणि विचारू लागले, ही बाई पगार देते का. नाही म्हटलं तर म्हणाले, फुकट बोलणी खायला घरचे काय कमी पडले.

तूच बाबांना मनवून मला कॉलेजात घातलंस, म्हणून तक्रारही तुझ्याकडेच. आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
रीना


गोंदिया
२१ जून २००४

चि. रीनास अ. उ. आ.

इकडे सारे खुशाल. तुह्यं पत्र दोनदा वाचलं. तुह्या फिनलंडवाल्या सासूचा मले त राग आला नाही. बाई कामाची दिसते. तरी पण रायपूर आता राजधानी झालं, तुह्या शंकर नगरात दर तिसऱ्या घरात मंत्रालयातला साहेब रायते म्हणतात. एखाद्याची ओळख फिनलंडपर्यंत पोचत असंल त पाहून ठेव, काही वाईट नाही.

आता तुह्या प्रश्नाचं. उत्तर मलेही येत नाही, पण गोष्ट येते. आपल्या लग्नाकार्यात जिनं भाजी शिजवली तिनं तिचं मीठ पाहू नये, अशी रीत हाय. चुलीपाशी बसून बसून धुरानं जीभ मरते, तिले सारं बरोबरच लागते. म्हणून साऱ्या गोंदियात मीठ पाहाले मले बोलावतात. पण आमच्या मीनलच्या लग्नात भाजी माह्याच हातची होती. मंग मी शेजारच्या कुसुमले बोलावलं. नळाच्या पाण्यावरून तिचं न् माहं वर्षभर बोलणं नव्हतं. तिनं तळहातावर रस्सा घेतला, चाखला, न् साऱ्या बायांदेखत सांगतलं का मीठ कमी हाय. तिच्या डोक्यात पळी घालावी असं वाटलं मले. मंग बाहेर हवेत जाऊन, चूळ भरून चाखून पाहिलं त कमीच होतं. टाकलं. वऱ्हाड्यांनी रस्सा मांगून मांगून खाल्ला.

आमचा प्रफुल्ल कॉलेजच्या सुट्टीत नागपूरहून आला हाय. पत्र वाचून इचारून राहिला का असं ठिगळ त्यालेही लावता येईल का. तुह्यासारखाच हाय, अभ्यास सोडून बाकी सारं.

माया असू दे, न् त्या बाईशी भांडू नको.

तुही आत्या,
कलावती


शंकर नगर, रायपूर
२ ऑक्टोबर २००४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझ्या कुसुमबाईंनी मला वाचवलं. गाठोडं सोडलं, निळा रंग सोडला (जड गेलं), पुसलेली टीप परत ठेवली. तरी बाईंनी आणखी दोनदा परत पाठवलं. शेवटी ते आत गेलं आणि त्याखाली बाईंचं नाव आलं. बाबांनी प्लँटमध्ये पेढे वाटले. कशाचे म्हणून लोकांनी विचारलं, तर मुलीचं ठिगळ लागलं, असं सांगितलं. आता तिथले लोक माझ्याकडे जरा दयेनं बघतात.

तुझी मिठाची गोष्ट मी बाईंना लिहून कळवली. त्यांनी फक्त भाजी कशाची होती ते विचारलं. वांग्याची असेल असं मी कळवलं आहे, चुकलं असेल तर सांग.

मोठी बातमी पुढेच आहे. कार्डांच्या भागात येणारे पॅच आता मी वाचायचे, असं बाईंनी ठरवलं. पहिला ब्राझीलमधल्या एका गृहस्थांचा आला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी दोन पानं लिहिली. आधी त्यांच्या कष्टांचं कौतुक केलं, मग माझ्या अल्पबुद्धीबद्दल क्षमा मागितली. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की पास झालो की नापास. तेव्हापासून थोडक्यात लिहिते.

आत्या, मला या कामातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? मी कुणाची मुलगी, कोणत्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, आडनाव काय, हे तिथं अजून कुणी विचारलेलं नाही. मी काय पाठवलं तेवढंच बघतात. इथं राजधानीत नोकरीचा अर्ज घ्यायला गेलं, तरी खिडकीतला माणूस आधी विचारतो, किसने भेजा है.

प्रफुल्लला अभ्यास करायला सांग. आणि मला विसरू नकोस.

तुझी,
रीना


गोंदिया
६ जानेवारी २००५

चि. रीनास अ. उ. आ.

भाजी वांग्याची नोहती, आलू-वाटाण्याची होती. त्या बाईले कळव.

आता कामाचं. प्रफुल्लनं तुह्या त्या प्रोग्रामासाठी ठिगळ केलं हाय. म्हणते का ते कार्डाच्या भागातलं हाय, म्हणजे तुह्याच हातात येईल. पुढच्या महिन्यात पुण्याची एक कंपनी त्याच्या कॉलेजात पोट्टे निवडाले येऊन राहिली. त्याचे मार्क त तुले मालूम हायेत. पण असं एखादं ठिगळ लागलेलं दाखवलं त कंपनीवाले इचारतात म्हणे. त्याच्यासाठी हाच एक दरवाजा उघडा हाय, रीना. तो त मले इतकंच म्हणते का दीदी देख लेगी.

तवा तू जास्त इकडचं तिकडचं करू नको. नाव घालून दे. तुह्या बापाले कोणं मनवलं, तीन दिवस त्याच्या दारात कोण बसलं, हे मी काढत नाही. मी काढणारी बाई नोहो.

तुह्यावर भरोसा हाय, तो तसाच राहू दे.

तुही आत्या,
कलावती


शंकर नगर, रायपूर
१३ जानेवारी २००५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तू काढत नाहीस तरी मला आठवतं. तू दारात बसली होतीस आणि बाबा मागच्या दारानं कामावर जात होते. तू नसतीस तर मी आज कुणाचंच काही वाचत नसते. म्हणून हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले.

प्रफुल्लचा पॅच तुझ्या पत्राच्या आधीच आला होता. मी उघडला. पहिल्या दहा ओळी वाचल्या आणि मला तो फार सुंदर वाटला. पुढच्या वाचायच्या आधीच खाली नाव घालायला हात गेला. तिथंच मी थांबले. ब्राझीलच्या गृहस्थांच्या पहिल्या दहा ओळींत मला चार चुका दिसल्या होत्या आणि आपल्या प्रफुल्लच्या ओळींत एकही दिसत नव्हती. तो हुशार असेल. पण माझी जीभ धुरानं मेलेली असेल, तर ते मला कसं कळणार? तूच सांग, मीनलच्या लग्नात तू कुसुमबाईंना का बोलावलंस? त्या तुझ्याशी बोलत नसतानाही?

म्हणून मी बाईंना लिहिलं, की हा माझा आतेभाऊ आहे, याचं मीठ मी पाहू शकत नाही, तुम्ही पाहा. या वेळी त्यांनी भाजीचं विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांचं प्रफुल्लला उत्तर गेलं, की तीन कामं एका गाठोड्यात बांधली आहेस, आधी सोड. आपल्या घराण्याचीच ही खोड दिसते.

काल त्यानं मला फोन केला आणि दीदी, आपने ये क्या किया, असं विचारून ठेवून दिला. पण आज सकाळी गाठोडं सुटं करून त्यानं पहिला तुकडा पाठवलाही. कंपनी यायच्या आत ते लागेल की नाही, मला माहीत नाही.

तुलाही राग येईल. म्हणणं खरं असलं की तो जास्त येतो, एवढं तरी आता मला कळलं आहे. तू पळी उचललीस तरी मी समोरून हलणार नाही. पण तो पॅच जेव्हा आत जाईल, तेव्हा त्याखाली माझं नाव नसेल. तसं मी सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहून टाकलं आहे.

राग उतरला की पत्र लिही. नाही उतरला तरी लिही.

तुझी,
रीना