कार्यालयाच्या कुंडीतील काठफूल कोमेजत नसल्याबाबत

प्रति,
माननीय मत्स्य व वनस्पती अधिकारी,
नदीकाठ संवर्धन कार्यालय, दुसरा मजला.

विषय : कुंडीतील काठफूल कोमेजत नसल्याने राणी माशावरील बंदी उठत नसल्याबाबत, तसेच अर्जदाराकडून घडलेल्या प्रकाराच्या कबुलीबाबत.

संदर्भ : १) दर्शनी फलकावरील बंदी आदेश. २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.

महोदय,

१. अर्जदार व्यवसायाने मच्छीमार असून वडिलांच्या पश्चात त्यांचीच होडी व त्यांचाच परवाना चालवतो. परवाना फक्त राणी माशाचा आहे. राणी हा आपल्या नदीचा मानाचा मासा आणि काठफूल हे मानाचे रानफूल, हे आपल्याच कार्यालयाच्या भिंतीवर रंगवलेले असल्याने त्याबद्दल अधिक लिहीत नाही. (भिंतीवरील राणीला मिशा काढल्या आहेत. तिला मिशा नसतात. परंतु तो वेगळ्या अर्जाचा विषय आहे.)

२. काठफूल उमलले की राणी अंडी घालायला काठाशी येते, आणि फूल सुकेपर्यंत पिल्ले खोल पाण्यात निघून जातात. म्हणून फूल असेपर्यंत जाळे टाकायचे नाही, हे आम्ही मच्छीमार पहिल्यापासून पाळत आलो. आपल्या कार्यालयाने त्याचाच नियम केला, तेव्हा सभेत सर्वांत आधी टाळ्या वाजवणारा अर्जदारच होता. मात्र काठावर चिखल फार आणि पाहणी करणाऱ्या कारकून साहेबांचे बूट नवे. सबब, एक रोप कुंडीत लावून कार्यालयात ठेवावे व त्याचा बहर तोच नदीचा बहर समजावा, असे ठरले. सदरहू रोप मुळासकट काढून दोन जिने चढवून आणणारा इसमही अर्जदारच होय. कुंडीसह त्याचा फोटो आपल्या खुर्चीमागे लावलेला आहे.

३. येथे अर्जदाराच्या हातून मोठी चूक झाली. कार्यालयाचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी रोपाची निगा कशी राखावी असे विचारले. अर्जदाराला शहाणपण दाखवायची हौस. त्याने सांगून टाकले की फूल मान टाकायला लागले की लगेच खुडावे, म्हणजे शेजारी नवी कळी धरते. मामांना मूलबाळ नाही. त्यांनी त्या रोपाला जीव लावला. तेव्हापासून आजतागायत कुंडीत एकही दिवस फूल नाही असे झालेले नाही. नदीवरची फुले सुकून, बी धरून, झडून दोन महिने झाले. राणीची पिल्ले आता बोटाएवढी झाली आहेत. कार्यालयात मात्र अजून बहर चालू आहे.

४. पहिल्या अर्जात अर्जदाराने ही बाब निदर्शनास आणली असता, फूल दिसत असल्याने बंदी कायम आहे असे उत्तर मिळाले. दुसऱ्या अर्जात कुंडी उन्हात ठेवण्याची विनंती केली असता, मानाच्या फुलास इजा पोहोचवणाऱ्यावर कारवाई होईल अशी समज देण्यात आली. तिसऱ्या अर्जात मामांची रजा शिल्लक आहे काय, एवढेच विचारले होते. त्याचे उत्तर आले नाही. मामा मात्र अर्जदाराशी बोलायचे बंद झाले.

५. परवान्याची सातवी अट अशी की, संपूर्ण हंगामात एकदाही जाळे न टाकल्यास परवाना रद्द समजावा. हंगाम या महिनाअखेर संपतो. म्हणजे जाळे टाकले तर गुन्हा आणि न टाकले तर परवाना गेला. सूट मिळावी म्हणून खिडकी क्रमांक दोनवर चौकशी केली असता सूट फक्त आजारपणात मिळते असे कळले, व अर्जदाराची प्रकृती ठणठणीत असल्याबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. घरी पत्नीचे म्हणणे असे की तुम्ही स्वतःच पायावर धोंडा मारून घेतलात, वर त्याचा फोटोही काढून घेतलात. वडिलांचा परवाना आपल्या हातून जाणार या विचाराने अर्जदाराला अन्न गोड लागत नाही.

६. अशातच गेल्या आठवड्यात मामा भाचीच्या लग्नाला गेले, आणि रोपाची माहिती असलेला माणूस म्हणून चार दिवस पाणी घालण्याचे काम आपण अर्जदाराकडेच सोपवले. खोटे कशाला लिहावे, त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पहिल्या दिवशी त्याने पाणी घातले नाही. दुसऱ्या दिवशी पाने लोंबली. तिसऱ्या दिवशी फुलाने मान टाकली. चौथ्या दिवशी तो बंदी उठवण्याचा नमुना भरून साडेदहालाच हजर झाला. अकरा वाजता कारकून साहेब पाहणी करणार होते. अर्धा तास नुसते बसून राहायचे होते.

७. ते जमले नाही. अर्जदाराने आयुष्यभर मासे मारले आहेत आणि त्याबद्दल त्याला कधी वाईट वाटलेले नाही. पण तहानलेल्या रोपासमोर पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसणे त्याला सोसवेना. त्याने ती सगळी बाटली कुंडीत ओतली. अकरापर्यंत फुलाने मान वर केली, आणि कारकून साहेबांनी ‘टवटवीत, बंदी कायम’ असा शेरा मारला.

८. तरी विनंती की, कुंडी आहे तेथे राहू द्यावी, मामांना सांभाळू द्यावी, पण बंदीचा निर्णय काठावर येऊन घ्यावा. तिथे फूल आपले आपण सुकते, कोणाला मन घट्ट करावे लागत नाही. बुटांसाठी अर्जदार होडी लावील. आणि महिनाअखेरपर्यंत हे होणार नसेल, तर निदान मामा पुन्हा रजेवर गेल्यास हे काम दुसऱ्या कोणाला द्यावे. अर्जदार पुन्हा पाणीच घालील.

कळावे.

आपला विनम्र व स्वतःवरच वैतागलेला,
(सही)
परवानाधारक मच्छीमार
दिनांक : एकोणीस, चालू महिना

सोबत :
१) परवान्याची प्रत, वडिलांच्या सहीची.
२) काठावरील सुकलेली काठफुले, एक पुडी.
३) बंदी उठवण्याचा नमुना, पूर्ण भरलेला. फक्त ‘फुलाची अवस्था’ ही चौकट कोरी आहे. ती कृपया काठावर येऊन भरावी.