कुसुमचे ठिपके

अमरावती, १४ ऑक्टोबर, संध्याकाळ

आमच्या वऱ्हाडी शब्दकोशाच्या मुक्त, म्हणजे ओपन सोर्स, संगणक-प्रकल्पातला सगळ्यांचा कोड आज एका आज्ञेसरशी एकसारखा मांडला जाणार होता. नियम माझाच. तरी अकोल्याच्या कुसुमची फाइल मी गुपचूप वगळली. ती मधे जादा मोकळ्या जागा सोडून कोडमधली बरोबरीची चिन्हं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी एकाखाली एक मांडते. त्यावरून मीच तिच्याशी किती भांडले! मग आज हात का अडला?

प्रकल्पातल्या वगळलेल्या फायलींच्या यादीत तिला ते दिसलंच. लगेच फोन. “मले कावून वगळलं वं? पाहुणी आहो का मी?”

तिची फाइल आत घेतली, आज्ञा दिली. मोकळ्या जागा मिटल्या, ठिपके विस्कटले.

आता अंगणात लॅपटॉप घेऊन बसून डोळे मिटले की ते ठिपके अजून हलकेच तरंगतात. उघडले की पडद्यावर तिच्या ओळी कोणत्या, माझ्या कोणत्या, मलाच कळत नाही.

पाहुणी कसली ती!