बाबांच्या कॉफीचा वास

रविवार, ७ जून

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घातला असं समजा. आईलाही सांगा. मी ठणठणीत आहे. खाते, पिते, झोपते. घरमालकीणबाईंनी गळका नळ एकदाचा दुरुस्त करून दिला, आता नळ गळत नाही आणि बाई मात्र उपकार केल्यासारख्या बघतात.

तुमचं फर्मान पोचलं. "इथल्या दुकानदाराच्या दाण्यांना आता वास राहिला नाही. एवढ्या मोठ्या शहरात राहतेस आणि बापाला धड कॉफीचे दाणे मिळवून देता येत नाहीत?" खाली रेघसुद्धा मारली आहे! फोनवर मात्र "हं, हं, आईला देतो" याच्यापुढे गाडी जात नाही. तुमच्याशी बोलायचं तर पत्रच लिहायला हवं, हे मी आता मान्य करून टाकलंय.

तर ऐका, तुमच्यासाठी किती पायपीट केली ते.

आधी एका काचेच्या दुकानात गेले. म्हणजे दुकानात काच जास्त आणि माल कमी. दाढीवाल्या मुलाने दाणे दाखवायच्या आधी माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. त्यावर छापलेलं: जर्दाळू, मध, जुनं चामडं. मी म्हटलं, "अहो, यात कॉफी कुठे आहे?" तो इतक्या कळवळून माझ्याकडे बघायला लागला की मलाच वाईट वाटलं. पण चामड्याची कॉफी तुमच्या गळी कोण उतरवणार? निघाले तिथून.

मग घाऊक बाजारात. तिथे पोत्यांच्या राशी आणि राशीमागे पेपर वाचणारा मालक. "कालच आलाय माल," तो मान वर न करता म्हणाला. पोत्याच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलेलं. कोळी कालच आला असेल तर फारच कामसू म्हणायचा.

तिसरी जागा छापखान्यामागच्या गल्लीत सापडली. एक बाई स्वतःच दाणे भाजते आणि स्वतःच विकते. आईच्या वयाची असेल, हात पोळलेले, आवाज फौजदारासारखा. सगळी गल्ली तिला भट्टीवाली म्हणते आणि तिला ते आवडतं. केव्हा भाजलेत विचारलं तर म्हणाली, "सकाळी. अजून कोमट आहेत, हात लाव." तिने मूठभर दाणे माझ्या नाकाखाली धरले. मी डोळे मिटून वास घेतला आणि खरं ते सांगून टाकलं.

"छान आहेत. पण कॉफीचा वास येत नाहीये."

तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मग हा कशाचा वास आहे, माझ्या मोज्यांचा?"

बाबा, मला हसू आवरेना. तिलाही आवरलं नसावं, पण तिने तोंड फिरवलं. शेवटी तिच्याकडचेच घेतले. पुडा सोबत पाठवतेय. पिऊन कळवा.

क्लिनिक छान आहे. नव्या खुर्च्या आल्यात, बटण दाबलं की आडव्या होतात.

तुमची,
छोटी डॉक्टर


बुधवार, २४ जून

तीर्थरूप बाबा,

नमस्कार, आजही उभ्यानेच.

तुमचा निकाल वाचला. "लाकूड उकळून प्यायल्यासारखं वाटलं. वास नाही. तुला फसवलंय." मोजून चार ओळीही नाहीत, त्यात तीन शिव्या. आईने कोपऱ्यात लिहिलंय की तिला आवडली, पण तिचं मत कॉफीच्या बाबतीत धरायचं नाही असं तुमचं पहिल्यापासूनच ठरलंय.

चिडू नका, पण तुमचं बरोबर आहे. मीही त्याच पुड्यातले दाणे दळून करून प्यायले. चव फक्कड, कडूपणा बेताचा. पण तो वास नाही! मी लहान असताना दवाखान्यात शेवटच्या पेशंटची पाठ वळली की तुम्ही हात धुवायचात, कपाटातून बरणी काढायचात, मागच्या स्टोव्हवर पाणी ठेवायचात. मी पेशंटच्या खुर्चीत पाय पसरून बसलेली. चूळ भरायच्या पेल्यात मला दोन घोट मिळायचे. पेला कोरा असायचा, तरी आई ओरडायची. तेव्हा दवाखानाभर जो वास पसरायचा, तो मला या अख्ख्या शहरात कुठे मिळालेला नाही. तुमचा जुना दुकानदार दाणे आणायचा तरी कुठून, देव जाणे.

म्हणून आज भर दुपारी पुन्हा भट्टीवालीकडे जाऊन थडकले. म्हटलं, वडिलांना पसंत नाही, वास नाही म्हणतात.

"तुझ्या वडिलांची जीभ बिघडली असेल."

"माझ्या वडिलांच्या जिभेबद्दल एक अक्षर बोलायचं नाही!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरचा सायकलवाला थांबून आत बघायला लागला. भट्टीवालीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "इतकं कळतं ना, मग उभी राहा इथे. आता घाणा टाकतेय. कुठे थांबवायचं ते तूच सांग."

झालं! माझ्या तोंडाने मीच ओढवून घेतलेलं. उभी राहिले. लोखंडी पिंपात दाणे फिरतात, हिरवे असतात ते पिवळे होतात, मग तपकिरी. आणि मग तडतडायला लागतात, लाह्यांसारखे. मी बघत नव्हतेच, नुसती ऐकत होते. आवाज एकदम सैल पडला आणि मी म्हणाले, "बस, आता!" तिचा हात त्याच क्षणी दांड्यावर पडलेला. तिने दाणे परातीत ओतले, एक फोडून बघितला आणि विचारलं, "हा कान कुठून आणलास?"

"घरून," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

अख्खी दुपार तिथेच गेली. त्याच घाण्यातला पुडा पाठवतेय. हाही पसंत पडला नाही तर मी हात टेकले.

क्लिनिकचं विचारलंत. क्लिनिक जिथल्या तिथे आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? जिने कमी चढा.

तुमची,
छोटी डॉक्टर


रविवार, १२ जुलै

तीर्थरूप बाबा,

आज नमस्कार खरोखर वाकून केलाय. टेबल सरकवून जागा केली.

तुमचं पत्र आलं ते दारातच उभी राहून दोनदा वाचलं. "दुसरा पुडाही तसाच. पण ते राहू दे. बुधवारी भर दुपारी तू भट्टीपाशी काय करत होतीस? पेशंट कोण बघत होतं?" मला वाटलं होतं तुम्ही फक्त कॉफीपुरतं वाचता. विसरलेच मी, तोंड उघडायच्या आधी माणसाच्या चालीवरून कुठली दाढ दुखतेय ते ओळखणारे तुम्ही.

उत्तर देते. पळणार नाही. पण आधी आईने कडेला लिहिलंय त्याबद्दल बोलू द्या, कारण ते वाचून मी पाऊण तास वेड्यासारखी हसत होते.

आई लिहिते, "दवाखान्याचं कपाट आपण खालच्या टेलरला दिलं ना, तो आता परत घ्या म्हणतोय. गिऱ्हाइकं म्हणतात, कपड्यांना दातांच्या डॉक्टरचा वास येतो. तुझ्या बाबांनी त्याच्याशी वाद घातला. आणि तरी रोज संध्याकाळी त्याच्याच दुकानात जाऊन बसतात. का, ते विचारलं तर म्हणतात, तिथे बरं वाटतं."

बाबा! लवंगेचं तेल!

वरच्या खणात लवंगेच्या तेलाच्या बाटल्या, खालच्या खणात कॉफीची बरणी, आणि त्या बरणीचं झाकण कधी तरी घट्ट बसलंय का? तुम्ही जन्मभर लवंग मुरलेली कॉफी प्यायलात आणि मलाही तीच पाजलीत. बापलेकीने मिळून आजवर कॉफीचा खरा वास घेतलेलाच नाही. आणि मी या शहरातल्या भल्या भल्या दुकानदारांना त्यांच्या तोंडावर सांगत फिरले की तुमच्या कॉफीला कॉफीचा वास नाही! त्या दाढीवाल्या मुलाची तर मला माफी मागायला हवी. आणि तुमच्या जुन्या दुकानदाराची तुम्ही.

खात्री करायची म्हणून तेलाचा बोळा घातलेल्या उघड्या डबीशेजारी दाणे ठेवले, वरून मोठा डबा पालथा घातला आणि दोन दिवसांनी दळले. पाणी ओतलं मात्र, आला! तोच! मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, बाबा, आनंदानेच. भट्टीवालीला आणून पाजली. ती म्हणाली, "माझ्या दाण्यांची माती केलीस," आणि कप मात्र रिकामा केला.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

मी क्लिनिक सोडलं. तुम्हाला कॉफीचं पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीच. नव्या खुर्च्या आल्या हे खरं आहे, पण मी त्या निरोप घ्यायला गेले तेव्हा पाहिल्या. पुडे शोधत हिंडायला मला वेळ मिळाला तो असा.

कुणी काढलं नाही, भांडण झालं नाही, काम चुकलं नाही. सगळे मला चांगलंच म्हणायचे. पण समोर माणूस येऊन बसला, घाबरून त्याने खुर्चीचा हात धरला, की माझे हात गार पडायचे. तुमच्याकडे माणूस रडत यायचा आणि गालाला हात लावून का होईना, हसत जायचा. त्याच्या बैलाची चौकशी करत, त्याच्या सुनेची थट्टा करत तुम्ही दाढ काढून मोकळे व्हायचात. मला वाटायचं, शिकले की ते आपोआप येईल. सगळं शिकले, पण तेवढं आलं नाही. रोज सकाळी क्लिनिकच्या दाराशी मलाच दाढ काढून घ्यायला आल्यासारखं वाटायचं.

हे तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती. माझी परीक्षा होईपर्यंत गुडघे कुरकुरत असताना तुम्ही दवाखाना चालू ठेवलात, तो माझ्यासाठीच. मी शहरातच राहते म्हणाले, तेव्हा तुम्ही "हं" म्हणालात, खुर्ची विकलीत आणि कपाट टेलरला दिलंत. आता ज्या कामासाठी मी तुमचा दवाखाना नाकारला, तेही सोडलं, हे कुठल्या तोंडाने लिहू? म्हणून दाढीवाले आणि कोळी लिहीत बसले.

मी भट्टीवालीकडे कामाला लागलेय. सकाळी घाणा मीच टाकते. अंगाला धुराचा वास येतो आणि घरमालकीणबाई नाक मुरडतात. पण इथे कुणी घाबरून येत नाही, बाबा. झोपेतले, वैतागलेले, भांडून आलेले येतात, पण घाबरलेलं कुणी नाही. आणि मी त्यांच्याशी गप्पा मारते! बैलाची चौकशी नाही, पण सुनेची थट्टा मलाही जमायला लागलीये.

आणखी एक. ड्रिलचा आवाज बदलला की हात उचलायचा, डोळ्यांवर विसंबायचं नाही, हे तुम्ही मला शिकवलंत. मी बारकी असताना, खुर्चीमागे उभी करून. "ऐक, आता कीड संपली, चांगला दात लागला." दाणे तडतडायचे थांबतात तेव्हा मी तेच करते. भट्टीवालीला हे शिकायला वर्षं गेली म्हणते. मी घरून घेऊन आले होते. तेव्हा तुमचं शिकवलेलं वाया गेलंय असं तेवढं मनात आणू नका. बाकी हवं ते बोला.

पार्सलमध्ये दोन पुडे आहेत. लाल दोऱ्याच्या पुड्यात लवंगेशेजारी ठेवलेले दाणे आहेत. ते तुमचे. संपले की टेलरच्या कपाटात बरणी ठेवायची परवानगी काढा, नाही तर सरळ कपाटच घरी आणा. आई कुरकुर करेल, पण तिला तुम्ही संध्याकाळी घरात हवे आहात.

पांढऱ्या दोऱ्याचा पुडा माझा. हिरव्या दाण्यापासून पुड्याच्या गाठीपर्यंत सगळं मी एकटीने केलंय, भट्टीवाली त्या दिवशी मुद्दाम बाहेर जाऊन बसली होती. त्याला लवंग लागलेली नाही. तो आधी प्या, लाल नंतर. आवडला नाही तर तसं सांगा, हातचं राखू नका. फक्त वास नाही असं लिहू नका. वास आहे, बाबा. तो दवाखान्याचा नाही, एवढंच.

खाली सही करायला गेले आणि हात थांबला. खुर्चीमागे उभी राहायला लागले तेव्हापासून तुम्ही मला ज्या नावाने हाक मारता, ते आज अर्धंच लिहितेय. उरलेल्या जागी काय लिहायचं, की ती कोरीच ठेवायची, ते पांढरा दोरा सोडून, एक कप पिऊन, तुम्हीच कळवा.

तुमचीच,
छोटी