कोऱ्या बियाण्याचा पट्टा

ता. १२ डिसेंबर

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

गहू उगवला. तुझ्या प्रयोगशाळेने मिठाच्या पाण्यात भिजवून, वाळवून पाठवलेलं बियाणं पेरलं ती अर्धी बाजू हिरवीगार आहे. या खाऱ्या रानात असा गहू सासूबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. उरलेल्या अर्ध्यात तुमच्या सांगण्यावरून कोरं, न भिजवलेलं बियाणं पेरलं. तिथे जमिनीवर पांढरा थर आलाय आणि रोपं म्हाताऱ्याच्या डोक्यावरच्या केसांइतकी विरळ.

पेरणीची वेळ गेली नव्हती, म्हणून उरलेलं भिजवलेलं बी तिथे टाकायला निघाले, तर पाहणीला आलेल्या तुझ्या साहेबांनी पिशवीच काढून घेतली. हा पट्टा तुलनेसाठी असाच राहू दे म्हणे. भिजवायचं प्रमाण विचारलं, तर प्रयोग पुरा होईपर्यंत सांगता येत नाही म्हणे. माझंच रान आणि मलाच चोरी! घरातली सात तोंडं काय तुलना खाणार? संतापात लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

तुझी ताई

ता. २० डिसेंबर

ती. ताईस सा. न.

पत्र वाचलं कसलं, ऐकलंच! पण जरा डोकं शांत ठेव. सगळंच रान हिरवं झालं तर लोक म्हणतील, जमीन खारी नव्हतीच. कोरा पट्टा गेला तरच भिजवलेल्या बियांची करामत सिद्ध होते. साहेब पुढच्या हंगामातही अर्धं-अर्धंच पेरा म्हणतात. मोठ्या कामासाठी थोडी कळ सोसावी लागते.

मुलं तुझ्या गव्हाची वाट बघताहेत, नेहमीचं पोतं विसरू नकोस. भाऊजींना नमस्कार. राग गिळून लोभ तेवढा ठेव.

तुझा भाऊ

ता. २ एप्रिल

चि. भाऊस आशीर्वाद. ‘अनेक’ या वेळी मुद्दाम गाळलाय.

कापणी झाली. भिजवलेल्या बाजूचा गहू आम्ही ठेवला, तरी वर्षाला पुरायचा नाही. कोऱ्या पट्ट्याचा होता नव्हता तो सगळा तुझ्या पोत्यात भरून पाठवतेय. मोठं काम आहे ना, मग तुझ्या स्वयंपाकघरानेही थोडी कळ सोसावी. सासूबाई म्हणाल्या, भावाला असं पाठवू नये. पोतं बांधताना मलाही रडू आलं, पण पाठवलंच.

पुढच्या पेरणीला माझ्या रानात कोरा दाणा पडणार नाही. प्रमाण सांगत नसाल तर अंदाजाने भिजवीन. चुकलं तर सगळंच जाईल, पण आपल्या हाताने जाईल. लोभ आहेच, नसता तर इतकी चिडले नसते.

तुझी ताई

ता. १५ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

पोतं पोचलं. बायकोने ओतलं, तर पातेलंही भरलं नाही. मुलांकडे बघवेना. तुला शहाणपण शिकवणारं ते पत्र मी लिहिलं, याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, तुलनेचा पट्टा हवा तर तेवढं धान्य संस्थेने ताईला द्यावं. ते म्हणाले, तशी तरतूद नाही. मी म्हटलं, ताईकडेही नाही. मग निदान प्रमाण तरी तिला सांगू द्या म्हटलं, तर ते फुटलं की नोकरी विसरा, अशी तंबी मिळाली. डोकंच फिरलं.

तर ऐक. बादलीभर पाण्यात मूठभर मीठ, जास्त नको. बी रात्रभर भिजव, गोड्या पाण्याने धू, सावलीत खडखडीत वाळव. शेजाऱ्यांना सांग, बांधावर भेटेल त्याला सांग. कुणी सांगितलं असं विचारलं, तर हे पत्र खुशाल दाखव. खाली सही माझीच आहे.

तुझा भाऊ