शनिवारचा फोन

शनिवार, २ मे. वुडलँड्स, सिंगापूर.

उतरलो शेवटी खालच्या डिव्हिजनमध्ये. आज नुसती बरोबरी पुरली असती, तीही जमली नाही. शेवटच्या मिनिटाला गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला आणि तो ग्लोव्ह्जमध्ये तोंड खुपसून तिथेच बसला.

लेक ईरा परदेशात ज्या गावी शिकायला गेली, तिथला म्हणून मी हा फुटबॉल क्लब धरला. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, जिथे मी रोज खायला जातो, त्याचं नावही कुणी ऐकलेलं नाही. तिची आई गेल्यापासून आम्ही बापलेक धड बोलतच नव्हतो. मग दर शनिवारी मी इथे, ती तिथे, फोन चालू ठेवून मॅच बघायला लागलो. मी गोलकीपरला शिव्या घातल्या की ती हसायची. वर्षभर हरत होतो, तरी मी शनिवारची वाट बघायचो.

आज म्हणाली, "बाबा, बास आता. पुढच्या सीझनला मी नाही बघणार. सो टायरिंग, लाह." इथलं हे 'लाह' तिचं अजून सुटलेलं नाही.

"अगं, पुढच्या वर्षी वर येऊ की परत."

"तू बघ ना."

टीव्हीवर तो गोलकीपर अजून बसलेलाच. मी त्याच्याबद्दलच बोललो. म्हटलं, नवा घेतील आता. का? जेवलीस का, आईची आठवण येते का, एवढं विचारायला काय झालं होतं मला?

"ओके, बाय बाबा," म्हणाली.

सीझन संपला, पुढच्या शनिवारी मॅच नाही. नुसताच फोन केला, तर घाबरून विचारेल, "काय झालं, बाबा?"